ज्याची गाय, त्याचा वाघ

आश्विन वद्य द्वादशीला कर्जत तालुक्यातल्या आमच्या पोशीरमध्ये गाय-वासराची पूजा होते. गायीच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला हळद-कुंकू लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची, केळीच्या पानावर भात आणि उडदाचे वडे तिच्यापुढे ठेवायचे. त्या दिवशी दूध, तूप, ताक बायका तोंडाला लावत नाहीत. ते वासराचं. त्याच दिवशी, आमच्यापासून पूर्वेला, खांडसच्या पलीकडे भीमाशंकरच्या कड्याखाली ज्या ठाकूरवाड्या आहेत तिथे वाघाची पूजा होते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ आणि दूध गोळा करतात, रानात शेंदूर फासलेल्या वाघोबाच्या दगडापाशी तीन दगडांची चूल मांडतात, खीर शिजवतात, नारळ वाढवतात, आणि आमच्या गुरांवर नजर ठेवू नकोस म्हणून त्याला हात जोडतात. खाली वसुबारस, वर वाघबारस. खाली जे दूध वासरासाठी राखून ठेवलं जातं, तेच दूध वर वासरू खाणाऱ्यासाठी चुलीवर चढतं.

एकाच धर्मात ही दोन्ही कशी बसतात? शाळेत मी अनेक वर्षं संस्कृत शिकवलं, पण हा प्रश्न मला ग्रंथांनी दिला नाही. तो आमच्या गोठ्यातून आला.

मी लहान असताना भातकापणीच्या दिवसांत आमचं एक वासरू बिबळ्याने नेलं. सगळे शेतावर होते, भारे बांधायची घाई होती, आणि वासरू नदीकडच्या झुडपात चरत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, आंघोळ करून नारळ घेऊन निघाले. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "ज्याने नेलं त्यालाच नारळ देताय?" दादा म्हणाले, "मग कुणाला जाऊन सांगू?" एवढंच. ते गेले, नारळ ठेवून आले, आणि रात्रीपासून गोठ्याच्या कुडाला काट्यांची दुसरी रांग घातली. त्यांनी बिबळ्याला शिवी दिलेली मी ऐकली नाही. आईचा राग मात्र पुढच्या वसुबारसेपर्यंत टिकला. दोघांपैकी कोण बरोबर, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आज मला वाटतं की दोघंही एकाच गोष्टीच्या आत उभे होते, आणि त्या आत असण्यालाच धर्म म्हणायला हवं. हे मला नीट कळलं ते फार दूर, केनियात.

माझी लेक आणि जावई नैरोबीला असतात. 2024 च्या दसऱ्यानंतर मी त्यांच्याकडे गेले आणि तिथून आम्ही मसाई मारा पाहायला गेलो. वाट नारोकवरून जाते. नारोक सोडलं की शेतं विरळ होत जातात आणि मग नुसतं पिवळं गवत आणि एकेकटी उभी असलेली छत्रीसारखी बाभळीची झाडं. आपल्याकडे शरद ऋतूत सोनकी आणि तेरडा संपत आलेला असतो, भात पिकून वाकलेलं असतं, दुपारी ऊन चटके देतं. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेल्या त्या पठारावर आपल्या अर्थाने शरद नाही. तिथे ऑक्टोबर म्हणजे कोरड्या महिन्यांचा शेवट आणि छोट्या पावसाची चाहूल. सेरेंगेटीतून गवताच्या मागे मागे उत्तरेला आलेले न्यूंबूंचे कळप याच सुमारास परत दक्षिणेकडे वळू लागतात. न्यूंबू हे तिथलं स्वाहिली नाव. इंग्रजीत त्याला विल्डबीस्ट म्हणतात. दिसायला पुढून बैल आणि मागून हरीण. असे तेरा लाखांच्या आसपास प्राणी, बरोबर लाखोंनी झेब्रे, वर्षभर एका मोठ्या वर्तुळात चालत असतात, आणि त्या वाटेत मारा नदी आडवी येते.

नदीच्या काठावर आम्ही बराच वेळ थांबलो होतो. पलीकडे कळप दाटला होता, पुढचे मागे सरत होते, मागचे पुढे ढकलत होते. अलीकडे छप्पर उघडलेल्या गाड्यांची रांग होती, आणि प्रत्येक छपरातून कॅमेरे बाहेर आलेले. मग एक जनावर उतरलं आणि त्याच्यामागे सगळे. पाणी तपकिरी होऊन उसळलं. एक पिल्लू उभ्या चढणीवर पाय रोवू शकत नव्हतं, पुन्हा पुन्हा घसरत होतं. त्याची आई वर पोचली होती आणि वरून ओरडत होती. खालच्या बाजूला मगरीने एकाला धरलं. आमच्या शेजारच्या गाडीतून टाळ्या पडल्या. त्या माणसांना दुष्ट म्हणवत नाही. ते हजारो मैल ओलांडून आणि बरेच पैसे मोजून आले होते; 2024 पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पाहुण्याला मारा राखीव क्षेत्राचं एका दिवसाचं शुल्कच 200 डॉलर आहे. ते ज्यासाठी आले ते त्यांना दिसलं होतं. माझ्याही अंगावर काटा आला होता आणि मीही डोळे बाजूला केले नाहीत.

त्या क्षणी मला सांख्यांचा पुरुष आठवला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती ही नर्तकी आहे आणि पुरुष हा प्रेक्षक. ती नाचते, तो पाहतो, आणि पाहून झालं की ती थांबते. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो, आणि पाहणारा श्रेष्ठ. वर्गात हे मी मुलांना कितीदा समजावलं असेल. आपल्या तत्त्वज्ञानाचा मोठा भाग साक्षी या कल्पनेवर उभा आहे: जो गुंतत नाही, जो नुसता पाहतो, तोच मुक्त. मग त्या उघड्या छपरातून पाहणारे आम्ही कोण होतो? आम्हीही खात नव्हतो, गुंतत नव्हतो, फक्त पाहत होतो. आम्ही त्या दुसऱ्या पक्ष्याच्या जवळ पोचलो होतो का?

अजिबात नाही, असं माझं मन तिथेच म्हणालं, आणि का नाही हे शोधायला मला बरेच दिवस लागले. सांख्यांचा पुरुष सुख मागत नाही. आम्ही मागत होतो. आम्हाला मगर हवी होती. पण एवढ्या कारणाने माझं समाधान झालं नाही, कारण निष्काम मनाने पाहणारा एखादा अभ्यासक त्या काठावर असता तर त्याचं पाहणं पुरेसं झालं असतं का, हा प्रश्न उरतोच. गीतेचा तेरावा अध्याय मी पुन्हा काढला. देहातल्या परमपुरुषाचं वर्णन करताना तिथे त्याला जवळून पाहणारा म्हटलं आहे, पण तेवढ्यावर सोडलेलं नाही. लगेच तो संमती देणारा आहे, आणि भर्ता आहे, भार वाहून पोसणारा आहे. म्हणजे गीतेचा साक्षी खांद्यावर ओझं असलेला साक्षी आहे. ज्याच्या खांद्यावर काही नाही, त्याच्या पाहण्याला ती जागा मिळत नाही. मारा नदीच्या काठावर आमच्या खांद्यावर काही नव्हतं. जे पाहत होतो त्याचा कोणताही भार आम्ही उचललेला नव्हता.

तो कोण उचलतो, हे आमच्या गाडीच्या चालकाने सांगितलं. तो मसाई होता, त्याच्या वडिलांकडे गुरं आहेत. लेकीच्या मदतीने मी त्याला विचारलं की तुला सिंह आवडतो का. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाहुण्यांना सिंह दिसला की मला बक्षीस मिळतं. माझ्या वडिलांना सिंह दिसला की त्यांची झोप जाते." मसाईंची श्रद्धा अशी की जगातली सगळी गुरं एन्काई या देवाने त्यांना दिली. रात्री ती काटेरी कुंपणाच्या बोमात कोंडतात, आणि कुंपणापलीकडे सिंह फिरतो. दादांनी गोठ्याला घातलेली काट्यांची दुसरी रांग मला त्या रस्त्यावर, धुळीतून जाताना, स्पष्ट दिसली.

या मसाईंचं आणि त्या कळपांचं एक नातं आहे, जे पर्यटकाला कोणी दाखवत नाही. आपल्याकडचे जुने शेतकरी बुळकांडी म्हणतात तो गुरांचा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरला आणि त्याने मसाईंची गुरं आणि रानातले न्यूंबू दोन्ही उभे कापले. माणसं उपासमारीने मेली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात पाळीव गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. रोग गुरांतून हटला, तसा तो रानातूनही हटला, कारण रानातल्या जनावरांत तो गुरांमधूनच जात होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूंबू अडीच लाखांच्या घरात होते, 1970 चं दशक सरेपर्यंत ते तेरा-चौदा लाखांच्या आसपास गेले. 2011 मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. ज्या कळपाला पाहून टाळ्या पडतात तो कळप मसाईच्या गायीला टोचलेल्या सुईमुळे उभा आहे. आणि त्याच मसाईंना 1959 च्या सुमारास इंग्रज सरकारने सेरेंगेटीतून उठवून न्गोरोंगोरोकडे पाठवलं, कारण तिथे फक्त रानटी जनावरं असावीत असं ठरलं. गाय गेली, सिंह राहिले, पाहणारे आले. मला त्या निर्णयात मोठा अधर्म दिसतो. ज्यांनी सोसलं त्यांना बाहेर काढून ज्यांना काहीच सोसायचं नाही त्यांच्यासाठी जागा केली गेली.

नदीतल्या त्या मरणाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्रश्न धर्माचा आहे आणि मरण हा त्याचा गाभा आहे. आम्ही मगरीकडे पाहत होतो, पण मारा नदीत मगरी मारतात त्याहून कितीतरी जास्त न्यूंबू बुडून, चेंगरून मरतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाला सरासरी सहा हजारांवर बुडालेल्या जनावरांचा हिशेब आहे. गिधाडं खातात, मासे खातात, आणि हाडं नदीच्या तळाशी पडून वर्षानुवर्षं विरघळत पाण्याला खत देत राहतात. देव दयाळू असेल तर पिल्लू का घसरतं, असा प्रश्न मला त्या काठावर पडला होता. हे वाचल्यावर त्याचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. माशांच्या पोटात गेलं म्हणून पिल्लाच्या आईचं ओरडणं कमी होत नाही. पण एवढं कळलं की मरण तिथे वाया जात नाही, आणि ते पोटात घेणारी नदीही त्या मरणाचा भार वाहते. त्या सगळ्या दृश्यात भार न वाहणारे आम्हीच होतो.

आपल्या कथांत वाघ नेहमी कोणाच्या तरी ताब्यात असतो, हे माझ्या लक्षात परत आल्यावर आलं. नवरात्रात आपण ज्या देवीपुढे घट बसवतो तिचं तो वाहन आहे. शंकर त्याच्या कातड्यावर बसतो. चांगदेव त्याच्यावर स्वार होऊन ज्ञानेश्वरांना भेटायला आले, हातात सापाचा चाबूक घेऊन. या कथा मला प्रिय आहेत, पण त्यांतला वाघ माणसाळलेला आहे, त्याची भीती कोणीतरी आपल्यासाठी आधीच जिंकलेली आहे. वाड्यांवरचा वाघोबा कोणाचं वाहन नाही. तो स्वतःच देव आहे, आणि तो तुमची शेळी नेऊ शकतो. त्याच्याशी बोलणी करावी लागतात. खीर, नारळ, कुठे कोंबडा, आणि बदल्यात एक मागणी. शास्त्रीपंडितांना हा व्यवहार खालच्या पायरीचा वाटतो, सकाम भक्ती म्हणून ते त्याला बाजूला सारतात. मला तो वरच्या पायरीचा वाटतो. या बोलण्यांत समोरच्याला जगण्याचा हक्क आधी मान्य केलेला असतो. तू इथे राहणार, मीही राहणार, तुला भूक आहे, मलाही आहे, मग आपण वागायचं कसं? एवढा न्याय मी पुष्कळ ग्रंथांत पाहिला नाही.

ही श्रद्धा केवळ आमच्या डोंगराची नाही. वारल्यांच्या वाघोबाविषयी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतल्या दीडशे वाघोबांची नोंद आहे. त्या कामात विद्या अत्रेय यांचा सहभाग होता. बिबळे आणि माणसं एकाच शिवारात कशी राहतात याचा अभ्यास त्यांनी आधी अकोले तालुक्यातल्या उसाच्या शेतांत केला होता. वाघ या मुलखातून कधीच गेला, आता उरला तो बिबळ्या, आणि पूजा त्याला मिळते. लोकांनी दगडावरचा वाघ बदलला नाही. मला त्यात विसंगती वाटत नाही. जो कुडापलीकडे उभा आहे, तो वाघोबा.

बौद्धांनी या प्रश्नाला सगळ्यात कठोर उत्तर दिलं आहे. आर्यशूराच्या जातकमालेतली पहिलीच कथा वाघिणीची. बोधिसत्त्व कड्यावरून खाली पाहतो, तिथे भुकेने वेडी झालेली वाघीण स्वतःच्याच बछड्यांकडे खाण्याच्या नजरेने पाहते आहे. तो पाहत राहत नाही. स्वतःचं शरीर तिला देतो. आमच्या तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याची लेणी आहेत, तिथे गेले की दर वेळी ही कथा माझ्या मनात येते. ती सगळ्यांनी करायची गोष्ट नव्हे, तसं कोणी मागतही नाही. पण तिने एक टोक दाखवून ठेवलं आहे: पाहिलं की देणं लागतं. एका टोकाला देह देणारा बोधिसत्त्व, दुसऱ्या टोकाला काहीच न देता टाळ्या वाजवणारा पाहुणा, आणि मधे कुठेतरी नारळ आणि काट्यांची रांग घेऊन माझे दादा. संसारी माणसाला जमेल असा धर्म दादांच्या जागी आहे.

आता आमच्याकडे काय चाललं आहे ते पाहा. शेकरूसाठी 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. ते झालं हे चांगलंच झालं, आपल्या राज्यप्राण्याला घर राहिलं. पण रान राखायचं म्हणून राबाची तोडणी, गुरांची चराई यांवर जी बंधनं येतात ती वाडीवरच्या माणसावर येतात, आणि रान पाहायला शनिवार-रविवारी गाड्या येतात त्या मुंबई-पुण्याच्या. पोशीर नदीचंही तेच. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमच्या तालुक्यात पोशीर धरणाला मान्यता दिली, 12.344 टीएमसीचं, 6,394 कोटींचं. पाणी मुंबई महानगर प्रदेशाला जाणार. तहानलेल्याला पाणी देऊ नये असं मी कसं म्हणेन? पण जमीन, रान आणि त्यातला एखादा शेंदूर लावलेला दगड ज्यांचा जाणार, ते आणि पिणारे पुन्हा वेगवेगळे आहेत. सोसणारा एकीकडे आणि भोगणारा दुसरीकडे, ही फारकत मला आजच्या काळाचं सगळ्यात मोठं पाप वाटते, आणि मसाई माऱ्यापासून खांडसपर्यंत ते एकच आहे.

म्हणून वसुबारस आणि वाघबारस एका तिथीला येण्यात मला आता कोडं वाटत नाही. ज्याची गाय आहे त्यालाच वाघाची पूजा करण्याचा अधिकार आहे. गोठा रिकामा असलेल्या माणसाची वाघभक्ती फुकटची असते, आणि आम्हा पेन्शनवाल्यांचे, नोकरदारांचे, फार्महाऊसवाल्यांचे गोठे केव्हाच रिकामे झाले. पोशीरात आता वसुबारसेला गाय शोधत दोन आळ्या ओलांडून जावं लागतं. आमच्याकडे गाय नसेल तर निदान ज्याची गाय गेली त्याचा भार तरी वाटून घेता येतो.

केनियात हे घडलं आहे. अंबोसेलीजवळच्या म्बिरिकानी या मसाई मुलखात 2003 मध्ये एक निधी सुरू झाला. सिंहाने गाय मारली की मालकाला त्यातून पैसे मिळतात, अट अशी की सूड म्हणून सिंहाला मारायचं नाही. आपल्याकडेही वनखातं भरपाई देतं, पण पंचनामा, कागद, बँक खातं यांत वेळ जातो, आणि जिची शेळी गेली त्या बाईचा बाजार येत्या आठवड्यातच असतो.

कर्जत आणि खालापूरमधल्या नवरात्र मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या मांडवात देवी वाघावर बसून येते. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक यांना वर्गणीतून पैसे निघतात, तसे थोडे या कामाला काढा. तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर बिबळ्याने शेळी, करडू, वासरू नेलं की सरकारी पैशाची वाट न पाहता आठवड्याच्या आत त्या घरी पोचतील एवढे. मी माझ्या पेन्शनमधून माझा वाटा देईन. यंदाच्या जमाखर्चात ही एक ओळ घाला.